दोन आटे जादा

कामावरून काढल्याचं पत्र बशीर शिकलगारच्या हातात पडलं, तेव्हा त्याला अर्धा तास दिला होता. अर्ध्या तासात कपाट रिकामं करायचं, बिल्ला जमा करायचा आणि गेटाबाहेर व्हायचं. बशीरनं कपाटाला पाच मिनिटं दिली. उरलेली पंचवीस त्यानं मशिनला दिली.

मशिनच्या वीजपुरवठ्याची उंच पेटी त्यानं उघडली, अर्थिंगचा दांडा लावून आत साठलेला करंट उतरवला आणि ओळीनं बसवलेल्या सात कॉइलींचे सात पितळी स्क्रू एकेक करून मागं फिरवले. ते पुढं आणायला त्याला आठ महिने लागले होते. पत्रात त्याचा गुन्हा लिहिला होता, ‘परवानगी न घेता यंत्रात केलेले फेरफार’. ठीक आहे. फेरफार नकोत ना तुम्हाला? मग घ्या तुमचं यंत्र, परदेशातून आलं होतं तसंच्या तसं.

तो इथं थांबला असता तर त्याला कुणी बोल लावला नसता. पण डोकं पेटलेलं असलं की माणूस बरोबर जागी थांबत नाही. शेवटच्या दोन कॉइलींचे स्क्रू त्यानं आणखी दोन-दोन आटे मागं घेतले. जादा. मग पेटी बंद केली, बिल्ला गेटवरच्या टेबलावर आपटला आणि तासगावची एसटी धरली. वाटेत कवलापूर येईपर्यंत तो मनातल्या मनात हसत होता.

कुपवाडच्या एमआयडीसीत वीरधवल निकमांची तपासणी प्रयोगशाळा होती. आसपासच्या फाउंड्रींमधून ओतलेली पोलादी कास्टिंगं तिथं यायची, आणि त्यांच्या पोटात चीर, पोकळी काही आहे का, हे क्ष-किरणांनी बघून द्यायचं. दवाखान्यातलं मशिन वीतभर जाड पोलादापुढं काय करणार? म्हणून निकमांनी मोठं मशिन आणलं होतं. त्यात इलेक्ट्रॉन तांब्याच्या नळीतून पळवून धातूच्या तुकड्यावर आपटायचे, म्हणजे आरपार जाणारे किरण निघायचे. हे इलेक्ट्रॉन सलग धार धरून नाही पळत. घासाघासानं पळतात. सेकंदाला दोनशे घास, आणि एकेक घास सेकंदाच्या चार दशलक्षांश भागाएवढा. त्या घासाला म्हणायचं पल्स.

आता पल्सचं असं, की विजेची रेघ दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ती पाटासारखी सपाट दिसली पाहिजे. वर चढली, सपाट चालली, खाली उतरली. मशिन आलं तेव्हा तिचा माथा मागच्या बाजूला कललेला होता. म्हणजे पुढचे इलेक्ट्रॉन जोरात आणि मागचे रडतखडत. मागच्यांचे किरण पोलादातच अडकायचे, इकडंतिकडं सांडायचे, आणि फिल्मवर धुकं यायचं. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, एवढं चालतं. बशीरला ते चालेना.

बशीर जातीचा शिकलगार. बाप तासगावात द्राक्षछाटणीच्या कात्र्यांना धार लावायचा, आणि धार लागली की नाही हे बघायचा नाही, ऐकायचा. बशीर आयटीआय शिकला, क्ष-किरणांचा सरकारी परवाना काढला, पण कान बापाचाच राहिला. पेटीचा घुर्र आवाज ऐकत, पडद्यावरची रेघ बघत, एकेक स्क्रू पाव-पाव आटा फिरवत त्यानं तो माथा सपाट केला. इलेक्ट्रॉन सोडायची वेळही त्यानं जराशी मागं ओढली, नळीत जोर पुरता भरल्यावरच ते सुटावेत म्हणून. कास्टिंगवर बारीक-जाड तारांची एक पट्टी ठेवून फिल्म काढतात आणि नेमून दिलेली तार दिसली की फिल्म पास. बशीरच्या फिल्मवर त्या तारेच्या पुढच्या आणखी दोन बारीक तारा दिसायला लागल्या. केसासारखी चीर असली तरी सापडायची. बाहेरगावची कास्टिंगं कुपवाडला यायला लागली.

मग निकमसाहेब पुण्याच्या परिषदेत गेले. तिथं त्यांनी पडद्यावर बशीरची रेघ दाखवली आणि ‘मी विकसित केलेली पद्धत’ म्हणून तिच्यावर वीस मिनिटं भाषण ठोकलं. मानचिन्ह आणलं. ते स्वागतकक्षात काचेच्या कपाटात ठेवलं, आणि निकम पाहुण्यांना त्याची गोष्ट सांगत असताना बशीर मध्येच बोलला, “साहेब, कंच्या कॉइलीला किती आटे, तेवढं सांगा की पावन्यास्नी.”

निकमांना ते सांगता येईना. पाहुणे हसले. चौथ्या दिवशी पत्र आलं.

तासगावात बापाचं दुकान होतंच. बशीर तिथं बसला. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, मधल्या काळात विळे, सुऱ्या, शिंप्यांच्या कात्र्या. हाताला काम होतं, पोटाला भाकरी होती. पण खरी चव होती ती सयाजीच्या बातम्यांना. सयाजी निकमांकडं इलेक्ट्रिशियन. महिन्यातून एकदा तासगावला बहिणीकडं आला की दुकानात टेकायचा.

“गड्या, मशिन लय तरास देतंय,” सयाजी सांगायचा. “फिलम धुरकाट येतीया. साहेब म्हनतोय, मशिन म्हातारं झालं. फिलम काढायचा टायम वाढवा म्हनतोय.”

“वाढवा की,” बशीर म्हणायचा आणि धारेची सहाण फिरवायचा. “टायम लय हाय त्यांच्याकडं.”

सयाजीची पाठ वळली की त्याला उकळ्या फुटायच्या. निकम तपासणीच्या खोलीत येरझाऱ्या घालतोय, कंपनीला पत्रं लिहितोय, ज्या मशिनवर भाषण ठोकलं तेच मशिन त्याला दाद देत नाही, हे चित्र तो जेवताना, झोपताना, नमाजाला निघताना डोळ्यांपुढं आणायचा. बायकोला, नूरजहांला, त्यानं सगळं सांगितलं होतं. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, “आवं, लय झालं आता. त्या सयाजीला सांगा जावा, सात स्कुरू हायत म्हनून.” बशीर म्हणाला, सांगायचं असतं तर फिरवले कशाला असते?

एक गोष्ट मात्र तो कधी डोळ्यांपुढं आणत नसे. त्याच्या जागी मशिनवर कोण बसतंय, ही ती गोष्ट. ती त्याला चांगली ठाऊक होती.

तीन वर्षांनी, छाटणीची गर्दी सरली होती तेव्हा, एका सोमवारी दुपारी राणी दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. आटपाडीकडची, धनगराची पोर. बाप अर्जुना अजून मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. ही घरातली पहिली, जिनं परवाना काढला. सहा महिने बशीरच्या हाताखाली शिकली होती. तेव्हा अठ्ठावीसची असेल. आता डोळ्यांवर चष्मा होता आणि तोंड उतरलेलं.

“चाचा,” ती म्हणाली, “एक फिलम बगता का?”

पाकिटातून फिल्म काढून तिनं दिली. बशीरनं ती उजेडाकडं धरली. व्हॉल्व्हची जाडजूड भिंत, कडेला तारांची पट्टी. नेमलेली तार होती, पण कशीबशी. बाकी सगळ्यावर दुधासारखं धुकं.

“काय दिसतंय?” राणीनं विचारलं.

“काय न्हाई.”

“मला बी न्हाई दिसलं. पास केली मी. साताऱ्याच्या कारखान्यात आत पानी भरून दाब दिला तवा फुटला तो व्हॉल्व. एकाचं मनगाट मोडलं.” ती पायरीवर बसली. “साहेब म्हनत्यात, चीर होती, राणीच्या डोळ्याला दिसली न्हाई. गुरुवारी चौकशी हाय साताऱ्याला. परवाना जानार माझा. एकडाव गेला की कुनी दारात उभं करनार न्हाई मला.”

बशीरनं फिल्म उलटी करून पुन्हा उजेडाकडं धरली.

“मिरजंला तीनदा डोळं तपासून आलो,” राणी सांगत होती. त्या बाजूच्या बायका बोलतात तशीच ती ‘आलो, गेलो’ बोलायची. “डाक्टर म्हनला, डोळं चांगलं हायत. मीच म्हनलं, न्हाई, नंबर द्या. तीन वर्सं झाली चाचा, एक फिलम निवांत बगितली न्हाई. घरी जाऊन रडतो. सगळ्यास्नी म्हनतो, बशीरचाचा असतं तर त्येंला दिसलं असतं. तुमी येनार का साताऱ्याला? तुमाला बी दिसलं न्हाई, एवढंच सांगा.”

बशीर म्हणाला, “येतो.” एवढंच. ती गेल्यावर सहाणेवर तोच विळा तो तासभर फिरवत बसला. त्याचं पातं निम्मं झिजलं.

नूरजहांनं ताट वाढलं आणि त्याच्याकडं बघितलं. तिनं ओळखलं. “सांगनार का त्येंला?”

“फिलमीत काय दिसत न्हाई म्हनून सांगनार. बास हाय तेवढं.”

“आन स्कुरू?”

“तू गप.”

तिनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली ती जरा आपटूनच.

गुरुवारी तो पहाटे निघाला. कराडच्या स्टँडवर गाडी बदलून साताऱ्याला अकराला पोचला. कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल, टेबलावर फिल्म बघायची दिव्याची पेटी. चौकशीला कारखान्याच्या गुणवत्ता विभागाचे प्रमुख इंद्रजित सूर्यवंशी होते. कमी बोलणारे, सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेणारे. एका बाजूला राणी. दुसऱ्या बाजूला वीरधवल निकम, इस्त्रीचा शर्ट, पुढ्यात जाड फाइल.

“अरे वा, शिकलगार!” निकम म्हणाले. “सध्या कात्र्यांना धार लावता म्हणे. चांगलं आहे. झेपेल ते करावं माणसानं.”

बशीरचे कान तापले. तीन वर्षांत ह्या माणसाचे केस थोडे पांढरे झाले होते, एवढाच काय तो फरक. जेवताना डोळ्यांपुढं आणलेलं ते रडवेलं तोंड कुठंच नव्हतं. हा मजेत होता. त्रास सगळा खालच्यांनी काढला होता.

सूर्यवंशींनी फिल्म दिव्यावर लावली. बशीरनं ती बघितली आणि सांगितलं, ह्यात चीर दिसत नाही, कुणालाच दिसणार नाही, कारण फिल्मवर धुकं आहे आणि ते मशिनच्या पल्समुळं आलंय.

“मशिनला काहीही झालेलं नाही,” निकमांनी फाइल पुढं सरकवली. “दर महिन्याला पल्सची नोंद घेतो आम्ही. छत्तीस महिने, छत्तीस कागद, प्रत्येकावर माझी सही. बघून घ्या. माथा सपाट.”

बशीरनं पहिला कागद बघितला. दुसरा बघितला. तिसऱ्याला त्याच्या ओठांवर हसू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. फाइलीतून त्यानं सगळे कागद सोडवले, एकावर एक नीट जुळवले आणि सात-आठांची चळत दिव्याच्या पेटीवर ठेवली. उजेड आरपार आला. रेघ एकच दिसत होती.

“साहेब,” तो सूर्यवंशींना म्हणाला, “दोन पल्स एकमेकींसारख्या कवाच नसत्यात. एका सेकंदातल्या दोन नसत्यात. ह्या तर तीन वर्सांतल्या हायत. आन हितं बघा, चढताना खांद्यावर एक दात हाय. जुन्या केबलीचा दात त्यो. ती केबल मीच बदलली, राणी कामाला लागायच्या आदी. ही रेघ माझी हाय. पुन्याच्या भाषनात ह्येंनी दाखवलेली.”

सूर्यवंशींनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा बघितलं. मग निकमांकडं वळले. निकम म्हणजे पोचलेला माणूस.

“कागद ही मुलगी काढते. मी विश्वासानं सही करतो,” ते म्हणाले. “आणि पल्स खरोखरच बिघडलेली निघाली, तर त्याचा अर्थ एकच. मशिन तीन वर्षं हिच्या ताब्यात आहे. परवानगी न घेता यंत्रात फेरफार केलेत हिनं, आणि लपवायला जुनी रेघ छापत बसली.”

“मी कशाला हात लावीन, साहेब?” राणी उठून उभी राहिली. “पेटी उघडायची किल्ली बी न्हाई माझ्याकडं! आन कागद तुमच्या लॅपटापवनं निगत्यात!”

“खाली बस,” निकम म्हणाले.

परवानगी न घेता यंत्रात फेरफार. शब्द न् शब्द तेच. बशीरला वाटलं, हा माणूस ते वाक्य खिशातच घेऊन हिंडतो की काय, ज्याला लागेल त्याला चिकटवायला. इतकी चीड त्याला स्वतःचं पत्र वाचतानाही आली नव्हती. आणि त्याच चिडीत त्याला हेही लख्ख दिसलं की निकमला इथून सुटू द्यायचं नसेल तर वाट एकच आहे. ती त्याच्या स्वतःच्या अंगावरून जाते. जाऊ दे. मी बुडलो तरी चालेल, पण ह्याचं मानगूट सोडायचं नाही.

“फेरफार मी केलाय,” तो म्हणाला.

सूर्यवंशींनी लिहिता लिहिता मान वर केली.

“मला काढलं त्या दिवशी. पाच जून. सात स्कुरू हायत, सातीबी मागं घेतलं. शेवटचं दोन आनकी दोन-दोन आटं जादा. परतेकावर लाल रंगाची निशानी हाय माझ्या हातची. सयाजीला फोन लावा, पेटी बंद करून, अर्थिंग लावून उघडू दे. बघू दे त्यो.”

फोन लावला. वीस मिनिटांनी सयाजीनं पेटीच्या आतला फोटो पाठवला. पाच खुणा एका रेषेत आणि शेवटच्या दोन बाहेर आलेल्या, जिथं बशीरनं सांगितल्या होत्या तिथंच. सूर्यवंशी फोटोकडं बघत म्हणाले, “म्हणजे निकमसाहेब, पहिल्याच महिन्यात तुम्ही खरोखर पल्स मोजली असती, तर पहिल्याच महिन्यात हे कळलं असतं.”

निकम उठले, पुन्हा बसले. “हा गुन्हेगार आहे,” त्यांनी बशीरकडं बोट केलं. “ह्याच्या शब्दावर तुम्ही...”

“शब्दावर नाही. तुमच्या छत्तीस सह्यांवर,” सूर्यवंशी म्हणाले. “तुमच्याकडून तपासून आलेलं प्रत्येक कास्टिंग आता परत तपासावं लागेल. बाकीच्या कारखान्यांनाही मी आजच कळवतोय. आणि मुंबईला परवाना कार्यालयालाही.”

झालं. ज्याची तीन वर्षं वाट बघितली ते समोर घडत होतं. निकमांचं तोंड पार पडलं होतं. बशीरच्या छातीत ऊन शिरल्यासारखं झालं. मेल्या, आता सांग कुठल्या कॉइलीला किती आटे! तो राणीकडं वळला. तिच्या डोळ्यांतही हेच दिसेल, असं त्याला वाटलं होतं.

राणीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. ती निकमांकडं बघतच नव्हती.

“चाचा,” ती हळू आवाजात म्हणाली, “होतं तसं केलं असतं तर मी समजलो असतो. ते दोन आटं जादा कशापाई?”

“राग हुता,” तो म्हणाला.

“तुमी गेल्यावर मशिनवर कोन बसनार हुतं, ठावं हुतं तुमाला?”

“व्हय.”

“कोन?”

“तू.”

“आन सोमवारी मी दुकानात आलो. फिलम तुमच्या हातात दिली. मिरजंचं सांगितलं. तवा बी बोलला न्हाई.”

“आज बोललो की गं,” बशीर म्हणाला. “परवाना वाचला तुजा.”

“आज त्येंला बुडवायसाठी बोलला,” राणीनं निकमांकडं नुसती मान वळवली. “माझ्यासाठी बोलायचं असतं तर सोमवारीच बोलला असता.”

जे होतं तेच तिनं बोट ठेवून दाखवलं होतं. ज्या डोळ्यांना तीन वर्षं सगळ्यांनी नावं ठेवली, ते डोळे चांगले होते.

सूर्यवंशींनी कोरा कागद पुढं ओढला. राणीचा दोष नाही, असं ते आधीच लिहून बसले होते. “ताई,” ते म्हणाले, “तुमची तक्रार स्वतंत्र घ्यावी लागेल. पोलिसांतही द्यावी लागेल. माणूस जखमी झालाय. कुणाकुणाविरुद्ध लिहू?”

निकमांनी डोळे मिटून घेतले. बशीर खुर्चीवर सरळ बसला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याच्या ओळखीचं होतं. पत्र हातात घेऊन पेटीपुढं उभा होता तेव्हा, झाकणाच्या चकचकीत पत्र्यात त्यानं ते स्वतःच्याच तोंडावर बघितलं होतं. फक्त हिला कसली घाई नव्हती, आणि ही एक आटाही जादा देणार नव्हती.

“दोघांच्या,” राणी म्हणाली. “पैलं बशीर शिकलगार लिवा. निकमसाहेब दुसरं.”

सूर्यवंशींचं पेन थांबलं. त्यांनी बशीरकडं बघितलं.

“लिवा,” बशीर म्हणाला. “बरोबर सांगतीया ती.”

सूर्यवंशी लिहायला लागले.